बहुप्रणय

एकाच काळात एकाहून अधिक व्यक्तींशी प्रेमाचे व जिव्हाळ्याचे संबंध सर्व संबंधितांच्या माहितीने आणि संमतीने ठेवण्याची जीवनपद्धती. इंग्रजीत तिला ‘पॉलिअ‍ॅमरी’ म्हणतात. या संबंधात लैंगिक सहवास बहुधा असतो. परंतु तो त्याचा गाभा नव्हे. परस्परांविषयीची आस्था, एकमेकांच्या सुखदुःखाची जबाबदारी आणि संबंध पुढे चालू राहील ही अपेक्षा हा त्याचा गाभा होय. सर्वसामान्य बोलण्यात व पुष्कळदा लेखनातही बहुप्रणय आणि प्रासंगिक शरीरसंबंध, म्हणजे ज्याला हल्ली शहरी बोलीत ‘हुकअप’ म्हणतात तो प्रकार, यांची गल्लत केली जाते. दोन्हींत एकपतिपत्नीत्वाची चौकट मोडलेली दिसते, एवढ्यावरून दोन्ही एकच मानली जातात. प्रत्यक्षात या दोन गोष्टी माणसाच्या आयुष्यातील वेगवेगळ्या गरजांशी निगडित आहेत आणि त्यांच्या गल्लतीचे परिणाम केवळ शब्दकोशापुरते मर्यादित राहत नाहीत.

ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे अनेक आणि लॅटिन ‘आमोर’ म्हणजे प्रेम यांच्या संकरातून हा इंग्रजी शब्द बनला आहे. दोन भाषांची अशी सांगड शुद्धतावाद्यांना रुचत नाही. पण ‘टेलिव्हिजन’ हा शब्दही तसाच बनलेला आहे. अमेरिकेत मॉर्निंग ग्लोरी झेल यांनी १९९० मध्ये ‘ग्रीन एग’ या नियतकालिकातील एका लेखात या शब्दाचे विशेषणरूप वापरले आणि त्यानंतर तो रूढ होत गेला. १९९२ मध्ये संगणकजालावरील एका चर्चागटाच्या नावातही तो आला आणि २००६ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने त्याची नोंद घेतली. शब्द नवा असला, तरी त्याने दर्शविलेली वस्तुस्थिती नवी नाही. मराठीत ‘बहुप्रेम’ असाही पर्याय सुचविता येईल. परंतु ‘प्रेम’ या शब्दात वात्सल्य, भक्ती व मैत्री यांचाही समावेश होत असल्याने येथे ‘बहुप्रणय’ हा शब्द योजिला आहे.

भेदाचे स्वरूप : प्रासंगिक शरीरसंबंधात दोन व्यक्ती एकत्र येतात त्या मुख्यतः शारीरिक सुखासाठी. पुढे भेट व्हावी, एकमेकांच्या घरची माणसे माहीत असावीत, आजारपणात कोणी उशाशी बसावे, अशी अपेक्षा त्यात गृहीत नसते. किंबहुना ती नसणे हीच त्या संबंधाची अट असते व दोघांनी ती मोकळेपणाने मान्य केली असेल, तर त्यात फसवणूक नाही. याउलट बहुप्रणयात प्रत्येक संबंधाला पूर्वेतिहास असतो आणि भविष्यकाळही असतो. तीन व्यक्तींच्या कुटुंबात कोणाची नोकरी गेली, कोणाची आई आजारी पडली, कोणाचे मूल नापास झाले, तर त्याची झळ तिघांनाही लागते. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या संबंधात माणसे किती हा प्रश्न गौण आहे, तर दुसऱ्या प्रकारात तो फार व्यावहारिक प्रश्न होऊन बसतो. कारण प्रेम कितीही वाटता येते असे मानले, तरी दिवसाचे तास चोवीसच असतात. बहुप्रणयी कुटुंबांच्या वर्णनांत दिनदर्शिका आणि वेळापत्रक यांचा उल्लेख वारंवार येतो. बाहेरच्या वाचकाला जेथे स्वैराचाराची अपेक्षा असते, तेथे त्याला कोणत्या वारी कोणी स्वयंपाक करावयाचा याची चर्चा वाचावयास मिळते.

तथापि हे दोन प्रकार परस्परांचे विरोधी आहेत असेही म्हणता येत नाही. एकाशी अनेक की अनेकांशी एक, हा एक अक्ष आहे. संबंधात भावनिक बांधिलकी किती, हा दुसरा. दोन्ही अक्ष स्वतंत्र आहेत. अविवाहित व्यक्ती एका वेळी एकाच व्यक्तीशी, पण प्रत्येक वेळी प्रासंगिक संबंध ठेवू शकते. तिला बहुप्रणयी म्हणता येणार नाही. तिघेजण आपापसांत एकनिष्ठ राहून बाहेरचा कोणताही शरीरसंबंध निषिद्ध मानू शकतात. ते बहुप्रणयी आहेत, परंतु प्रासंगिक संबंधाबाबत ते अनेक दांपत्यांइतकेच किंवा त्यांहून अधिक कडक असतात. बहुप्रणयी व्यक्तींपैकी काहींना प्रासंगिक संबंधही वर्ज्य वाटत नाहीत. याच्या दुसऱ्या टोकाला, लैंगिक इच्छाच नसलेल्या वा अत्यल्प असलेल्या व्यक्तीही बहुप्रणयी असू शकतात. जोडीदाराची ती गरज अन्यत्र भागावी आणि आपला स्नेहबंध मात्र तुटू नये, यासाठी त्यांनी ही पद्धती स्वीकारलेली असते.

मानसशास्त्रातील काही संकल्पनांनी हा भेद अधिक स्पष्ट होतो. अ‍ॅल्फ्रेड किन्सी यांच्या लेखनातील ‘समाजलैंगिकता’ ही संज्ञा घेऊन जेफ्री सिम्पसन व स्टीव्हन गँगेस्टाड यांनी १९९१ मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. भावनिक जवळीक नसतानाही शरीरसंबंधास व्यक्ती कितपत तयार असते, हे त्या श्रेणीने मोजले जाते. प्रासंगिक संबंधांकडील कल त्यातून समजतो. बहुप्रणयाकडील कल मात्र तिच्यावरून ठरविता येत नाही, कारण ज्याला प्रेमावाचून शरीरसंबंध नकोसा वाटतो अशा मनुष्याचेही दोन व्यक्तींवर प्रेम जडू शकते. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार प्रेमाचे तीन घटक आहेत : जवळीक, उत्कटता आणि बांधिलकी. प्रासंगिक संबंधात यांपैकी केवळ उत्कटता पुरेशी असते. बहुप्रणयात एकेका संबंधात या घटकांचे प्रमाण निराळे असू शकते. एकाशी वीस वर्षांची जवळीक व बांधिलकी, तर दुसऱ्याशी नवी उत्कटता, असे चित्र सामान्यतः दिसते. नव्याच्या नवलाईत जुन्याची उपेक्षा होणे हा या पद्धतीतील नेहमीचा धोका होय.

निकटच्या कल्पना : बहुपत्नीकत्व व बहुपतिकत्व हे विवाहाचे प्रकार आहेत, त्यांना धर्माची, रूढीची किंवा कायद्याची मान्यता असते आणि बहुधा एकाच लिंगाच्या व्यक्तीला अनेक जोडीदारांची मुभा असते [⟶ विवाहसंस्था]. दुसरी पत्नी आणताना पहिलीची संमती विचारण्याची पद्धत आपल्याकडेही क्वचितच होती. बहुप्रणयात तीच मुभा प्रत्येकाला असावी अशी अपेक्षा असते आणि विवाहविधी त्यास आवश्यक नसतो. व्यभिचारात प्रेम असेल वा नसेल, परंतु गुप्तता असते. म्हणून वर्षानुवर्षे चाललेले प्रेमळ पण चोरटे प्रकरण बहुप्रणय ठरत नाही. दांपत्यांनी परस्परांत जोडीदारांची अदलाबदल करण्याचा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत प्रसिद्धीस आला. त्यात संमती असते, पण प्रेम जडू नये अशी दक्षता मुद्दाम घेतली जाते. तो प्रासंगिक संबंधाचाच एक सामूहिक प्रकार होय.

गुजरातेत १९७०–८० च्या सुमारास प्रचलित झालेले ‘मैत्री करार’ हे या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहेत. विवाहित पुरुष व दुसरी स्त्री यांच्यात सहजीवनाचा लेखी करार होई. संबंध टिकाऊ, उघड आणि कागदावर नोंदलेला. तरीही त्यास बहुप्रणय म्हणता येत नाही, कारण पत्नी त्या कराराची पक्षकार नसे. द्विभार्याप्रतिबंधक कायद्यातून काढलेली ती एक पळवाट होती. टिकाऊपणा आणि संमती या दोन्ही कसोट्या एकत्रच लावाव्या लागतात, हे यावरून दिसून येते.

पूर्वप्रयोग : अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ओनायडा येथे जॉन हंफ्री नॉइझ (१८११–८६) यांनी १८४८ मध्ये एक धार्मिक वसाहत स्थापन केली. तेथील प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा पती मानला जाई. या व्यवस्थेस त्यांनी ‘संमिश्र विवाह’ असे नाव दिले होते. भेटीची विनंती मध्यस्थामार्फत करावयाची, स्त्रीस नकाराचा अधिकार, संततीवर कडक नियंत्रण, असे नियम होते. त्यामुळे बाहेरच्यांनी ठेवलेले स्वैराचाराचे दूषण तिला लागू पडत नव्हते. परंतु दोन व्यक्तींमध्ये विशेष प्रेम उत्पन्न झाले की तो दोष समजला जाई आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवले जाई. म्हणजे शरीरसंबंधास अनेकत्व होते, प्रेमाला मात्र व्यक्ती निवडण्याची मोकळीक नव्हती. १८७९ मध्ये ही विवाहपद्धती सोडून देण्यात आली आणि १८८१ मध्ये वसाहतीचे रूपांतर भागभांडवलाच्या कंपनीत झाले. पुढे ती चमचे-काट्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध पावली.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७१ ते १९९१ या काळात नांदलेली केरिस्टा वसाहत हा दुसरा प्रयोग. तेथील गटांत सदस्य ठराविक क्रमाने एकमेकांच्या सहवासात राहत आणि गटाबाहेरील शरीरसंबंध निषिद्ध असत. ‘बहुनिष्ठा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द याच वसाहतीने घडविला. आपल्या जोडीदाराला दुसऱ्याच्या सहवासात मिळालेले सुख पाहून स्वतःला होणारा आनंद, यासाठीही तेथेच एक नवा शब्द तयार झाला. भारतीय वाचकास येथे योगशास्त्रातील ‘मुदिता’ आठवेल. मात्र मुदिता ही सर्व सुखी जीवांविषयीची वृत्ती असून तिला चित्तशुद्धीचे प्रयोजन आहे. मत्सराच्या ऐन प्रसंगी ती टिकवून धरणे हे पतंजलींनी अपेक्षिले होते की नाही, हा प्रश्न वेगळा.

या विषयात वसाहतींपेक्षा एका कुटुंबाचा वृत्तांत अधिक बोलका आहे. विल्यम मोल्टन मार्स्टन (१८९३–१९४७) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व ‘वंडर वूमन’ या १९४१ मध्ये अवतरलेल्या चित्रकथानायिकेचे जनक. त्यांचा एलिझाबेथ हॉलोवे यांच्याशी १९१५ मध्ये विवाह झाला होता. १९२५ मध्ये टफ्ट्स येथे अध्यापन करीत असताना ऑलिव्ह बर्न या विद्यार्थिनीशी त्यांचा परिचय झाला आणि पुढील वर्षी ती त्यांच्या घरी राहावयास आली. ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची भाची. याच सँगरबाई १९३५ च्या अखेरीस वर्ध्यास येऊन महात्मा गांधींशी संततिनियमनावर चर्चा करून गेल्या. मार्स्टन यांच्या घरात दोन्ही स्त्रियांना प्रत्येकी दोन अशी चार मुले झाली. एलिझाबेथ नोकरी करून घर चालवीत व ऑलिव्ह चारही मुलांना वाढवी. नोकरी आणि मुले या दोन्हींचा मेळ घालू पाहणाऱ्या एलिझाबेथ यांना ही विभागणी सोयीची झाली, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे.

मार्स्टन यांच्या मृत्यूनंतर ही व्यवस्था मोडली नाही. ज्या पुरुषामुळे त्या दोघी एकत्र आल्या होत्या तो गेल्यावरही त्या चार दशके एकत्र राहिल्या. ऑलिव्ह १९९० मध्ये व एलिझाबेथ १९९३ मध्ये, शंभर वर्षांच्या होऊन, निवर्तल्या. प्रासंगिक संबंधाच्या कोणत्याही व्याख्येत हे कुटुंब बसत नाही. परंतु त्याचे केवळ गौरवाने वर्णन करणेही योग्य नव्हे. इतिहासकार जिल लेपोर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, ऑलिव्ह घरात येईल किंवा आपण घर सोडू, असा पर्याय मार्स्टन यांनी पत्नीपुढे ठेवला होता. अशा पर्यायातून मिळालेल्या होकारास संमती म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय ऑलिव्हची ओळख बाहेर विधवा नातलग म्हणून करून दिली जाई आणि तिच्या मुलांना आपला खरा पिता कोण हे मोठेपणीपर्यंत सांगितले गेले नव्हते. असत्यशोधक यंत्राच्या उभारणीत ज्यांच्या रक्तदाबचाचणीचा वाटा होता, त्यांच्याच घरात हे घडले. घरातल्या घरात उघडपणा आणि बाहेर गुप्तता, ही त्या काळच्या समाजाने लादलेली स्थिती होती. तिची किंमत मुख्यतः मुलांनी मोजली.

संमती व मत्सर : बहुप्रणयाचे समर्थक संमतीवर जेवढा भर देतात, तेवढीच तिची चिकित्सा होणे आवश्यक आहे. आर्थिकदृष्ट्या परावलंबी पत्नीने, मुले लहान असताना, पतीच्या दुसऱ्या संबंधास दिलेला होकार आणि स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या दोघांनी विचारपूर्वक केलेला ठराव, हे एकाच तागडीत तोलता येत नाहीत. ‘तू विचारू नकोस, मी सांगणार नाही’ अशी तडजोडही काही दांपत्ये करतात. तीत माहिती नसल्याने संमतीला अर्थच उरत नाही. प्रासंगिक संबंधाची इच्छा असणारे काहीजण ‘आपण बहुप्रणयी आहोत’ असे सांगून समोरच्या व्यक्तीच्या मनात दीर्घ संबंधाची आशा निर्माण करतात, ही तक्रार बहुप्रणयी मंडळींकडूनच वारंवार केली जाते. दोन्ही प्रकारांतील भेद स्पष्ट असणे सर्वांत अधिक गरजेचे आहे ते अशा वेळी. कारण फसवणूक शरीरसंबंधात नसून शब्दाच्या वापरात असते.

बहुप्रणयी व्यक्तींना मत्सर वाटत नाही ही समजूत चुकीची आहे. तो वाटतो, मात्र त्यास संबंध तोडण्याचे कारण न मानता चर्चेचा विषय मानले जाते. ही चर्चा कधीकधी इतकी लांबते की संबंधांपेक्षा संबंधांविषयीच्या बोलण्यातच अधिक वेळ जातो, असे या पद्धतीतून बाहेर पडलेल्यांनी म्हटले आहे. प्रासंगिक संबंधात मत्सराचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही व उद्‌भवला, तर संबंध आता प्रासंगिक राहिलेला नाही याची ती खूण असते.

संशोधन : अमेरिकेतील अविवाहित प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, १०.७ टक्के व्यक्तींनी आयुष्यात केव्हा तरी बहुप्रणयी संबंध अनुभवल्याचे आणि १६.८ टक्के व्यक्तींनी तशी इच्छा असल्याचे सांगितले. हे प्रमाण अनेकांना अनपेक्षित वाटले. पण ‘केव्हा तरी अनुभवले’ आणि ‘आज तसे जगत आहे’ यांत मोठे अंतर असते, हे असे आकडे वाचताना विसरता कामा नये. टेरी कॉन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदाराला फसवून अन्यत्र संबंध ठेवणाऱ्यांच्या तुलनेत उघडपणे अनेक संबंध ठेवणारे निरोधाचा वापर व इतर खबरदारी अधिक घेताना आढळले. ज्याला घरी सांगावयाचे आहे तो खबरदारीची तयारी आधी करतो, लपवू पाहणाऱ्यास ती करता येत नाही, असे याचे स्पष्टीकरण संभवते. एलिझाबेथ शेफ या समाजशास्त्रज्ञांनी १९९६ पासून बहुप्रणयी कुटुंबांतील मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना मुले सामान्यतः सुस्थितीत आढळली. मात्र आईवडिलांचा जोडीदार घर सोडून गेला की जडलेला लळा तुटण्याचे दुःख मुलांच्या वाट्याला येते, हेही त्यांनी नोंदविले. स्वेच्छेने पुढे आलेली कुटुंबेच अशा अभ्यासात येतात, ही त्याची मर्यादा होय.

महाराष्ट्रातील विचार : कामव्यवहाराची मोकळी चिकित्सा मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केली. १९२७ ते १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि त्यातील लेखनामुळे त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मधील खटल्याचा विषय व्यभिचारावरील लेख हाच होता, तर १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. अनिष्ट संतती व रोग टाळता आले, तर प्रौढ स्त्रीपुरुषांचा खुशीचा संबंध अनैतिक ठरविण्यास आधार राहत नाही, अशी त्यांची बुद्धिवादी भूमिका होती. ही भूमिका शरीराच्या स्वातंत्र्याची आहे. अनेक व्यक्तींवर एकाच वेळी प्रेम करून त्या सर्वांची जबाबदारी कशी घ्यावी, हा प्रश्न त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नव्हता. म्हणून त्यांना बहुप्रणयाचे आद्य पुरस्कर्ते म्हणणे गैरलागू होईल. स्त्रीलाही तोच अधिकार मागण्याचे त्यांचे धैर्य मात्र या विषयाच्या कोणत्याही मराठी विवेचनात वगळता येणार नाही.

कायदा : परदेशांत काही ठिकाणी बहुप्रणयी कुटुंबांना मर्यादित मान्यता मिळू लागली आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात सॉमरव्हिल या शहराने जून २०२० मध्ये सहजीवनाच्या नोंदणीचा नियम करताना ‘दोन व्यक्ती’ हे बंधन ठेवले नाही. २०२१ मध्ये शेजारच्या केंब्रिजनेही तसेच केले. साथीच्या काळात रुग्णालयात कोणाला भेटू द्यावे हा अगदी साधा प्रश्न त्या वेळी पुढे होता. कॅनडात न्यूफाउंडलंड येथील न्यायालयाने २०१८ मध्ये व ब्रिटिश कोलंबियातील न्यायालयाने २०२१ मध्ये एकत्र राहणाऱ्या तिघांना एकाच मुलाचे कायदेशीर पालक मानले. याच्या दोन दशके आधी, १९९८ च्या अखेरीस, अमेरिकेच्या टेनेसी राज्यात दोन पुरुषांसह राहणाऱ्या एका तरुण मातेचे कुटुंब दूरचित्रवाणीवर दाखविले गेले, तेव्हा तिच्या लहान मुलीचा ताबा न्यायालयाने आजीकडे दिला होता.

भारतीय कायद्यात ‘बहुप्रणय’ अशी संज्ञा नाही. परंतु टिकाऊ व प्रासंगिक विवाहबाह्य संबंधांतील फरक त्यात निरनिराळ्या ठिकाणी, काहीशा विसंगत रीतीने, आलेला आहे. मुंबई प्रांताने हिंदूंमधील द्विभार्याविवाहास १९४६ मध्ये बंदी केली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. या कायद्यात मुळात घटस्फोटासाठी जोडीदार ‘व्यभिचारात राहत आहे’ असे, म्हणजे चालू असलेला संबंध, सिद्ध करावे लागे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर परव्यक्तीशी एकदा झालेला ऐच्छिक शरीरसंबंधही पुरेसा ठरला. घटस्फोटापुरता तरी कायद्याने दोहोंतील भेद पुसून टाकला. मात्र ज्या जोडीदाराने त्या संबंधास साथ दिली, काणाडोळा केला किंवा क्षमा केली, त्याला या कारणावरून घटस्फोट मागता येत नाही, ही कलम २३ मधील तरतूद संमतीला अप्रत्यक्षपणे महत्त्व देते.

निर्वाहभत्त्याच्या बाबतीत भेद उलट्या दिशेने केला जातो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ नुसार आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, ‘व्यभिचारात राहणाऱ्या’ पत्नीस भत्ता मिळत नाही. न्यायालयांनी याचा अर्थ चालू राहिलेला संबंध असा केला आहे. एखाददुसऱ्या प्रसंगाने स्त्रीचा हक्क जात नाही. म्हणजे प्रासंगिक संबंध क्षम्य, तर प्रेमाचा दीर्घ संबंध अपात्रतेचे कारण, असा अनुक्रम येथे दिसतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ मध्ये व्यभिचार हा गुन्हा होता आणि पतीची संमती असेल तर तो गुन्हा होत नसे. पत्नीच्या संमतीचा मात्र कोठेच विचार नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात ‘विवाहसदृश संबंधा’तील स्त्रीलाही स्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याची कसोटी ठरविताना एका रात्रीचा वा केवळ सुटीच्या दिवसांपुरता सहवास त्यातून वगळला. येथपर्यंत टिकाऊ व प्रासंगिक यांतील भेद न्यायालयाने नेमका ओळखला आहे. परंतु त्याच कसोटीत दोघेही कायद्याने विवाहास पात्र, म्हणजे अविवाहितही, असली पाहिजेत अशी अट आहे. त्यामुळे विवाहित पुरुषासह, त्याच्या पत्नीच्या पूर्ण संमतीने व एकाच घरात वर्षानुवर्षे राहणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने एका रात्रीच्या सोबतिणीच्याच रांगेत जाऊन बसते. तिला मारहाण झाली, तर सर्वसाधारण फौजदारी कायद्याचा आश्रय आहे. पण घरात राहण्याचा हक्क किंवा भरपाई या विशेष कायद्याखाली तिला मागता येत नाही. विवाहित पुरुषाबरोबर दीर्घकाळ राहिलेल्या एका स्त्रीचा असाच दावा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्या प्रकरणात पत्नीचा विरोध होता, म्हणून ते बहुप्रणयाचे उदाहरण नव्हे. तथापि जी कसोटी लावण्यात आली तिच्यात पत्नीची संमती आहे की नाही या प्रश्नाला जागाच नाही. अशा संबंधांतील स्त्रिया व मुले यांच्या संरक्षणासाठी संसदेने कायद्याचा विचार करावा, असे न्यायालयाने त्याच निकालपत्रात सुचविले होते.